खंड पडल्याचा दाखला

शिवाजीनगर कोर्टासमोर, छत्रीखालच्या टेबलावर
नोटरी ढमढेरे विचारतात,
शिक्षणात खंड किती?
बावीस वर्षं, चार महिने.
त्यांचा टायपिस्ट थांबतो,
कीबोर्डवरचं शेंगेचं टरफल झटकतो.
"एवढा रकान्यात बसत नाही हो.
लोकांचा असतो एखाद-दोन वर्षांचा.
कावीळ, नापास, लग्न."
मग स्टँपपेपरवर उमटतं:
मी, मच्छिंद्र केरू गाडेकर, वय एक्केचाळीस,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
सदर काळात मी कोठेही शिकत नव्हतो.

सही करताना पेन जरा अडलं.

आमच्यात, खडकीच्या सॅपरांत,
गॅप म्हणजे दोन काठांमधलं अंतर.
ओला गॅप, सुका गॅप.
आधी मोजायचा.
मग काठाची माती मुठीत दाबून बघायची,
भार पेलेल का.
सहा जणांच्या खांद्यांवर एक पॅनेल,
अंधारात, टॉर्च न लावता,
पिना नुसत्या बोटांनी चाचपून.
सकाळी पहिली गाडी पार गेली
की तोच दाखला.

कॉलेजला पाचशे शब्द हवेत:
'मला भूगोल का शिकायचा आहे.'
चाळीस जागा, अर्ज दोन हजारांवर.
बोपोडीच्या खोलीत पहिला मसुदा केला,
'सविनय निवेदन करण्यात येते की'.
ऋतुजा अकरावीत आहे. वाचून म्हणाली,
बाबा, हा रजेचा अर्ज झाला.
आणि तुम्ही एकदाही 'मी' लिहिलेलं नाही.
खरंच नव्हतं.
सदर जवान, तुकडी, आदेशानुसार.
तिनं पेन्सिलीनं गोल केले. अकरा.

मग लिहिलं त्या नदीबद्दल,
जिचं आमच्या नकाशात नाव नव्हतं, फक्त रुंदी होती.
जूनमध्ये ती दुपारी तीनला फुगायची.
रोज तीनला. आभाळ कोरडं.
एक मेंढ्या राखणारी म्हातारी शेवटी म्हणाली,
वर बर्फ सकाळी सुटतं,
चालत यायला त्याला दुपार होते.
तोवर आम्ही दोन तराफे घालवले होते.
आणि पोपट शेंडगे.
शेंडगेचं लिहिलं नाही.
पाचशे शब्द संपले होते.

मुलाखतीला पांढरा शर्ट,
बूट मात्र जुनेच, त्यांची चमक जाता जात नाही.
गेटवरचा गार्ड बुटांकडे बघूनच उभा राहिला.
"रामराम साब. कुठली युनिट?
ड्युटीसाठी ना? सुपरवायझर साडेदहाला येतो.
रात्रपाळी रिकामी आहे."
म्हटलं, मुलाखत आहे.
"तेच तर."
नाही, आतली. पहिल्या वर्षाची.
त्यानं फाईल बघितली, मला बघितलं, परत फाईल.
मग काही न बोलता रजिस्टर पुढं सरकवलं.
'कोणास भेटावयाचे' या रकान्यापाशी
मी बराच वेळ उभा.
मागून एक पोरगा, कानात इअरफोन,
"काका, मुलीला सोडायला आलात?"
म्हटलं, नाही बाळा, ती सोडून गेली मला.

आत तिघं होते.
नदीचं वाचलं होतं त्यांनी, त्यावर काही विचारलं नाही.
विचारलं एवढंच:
तुमच्याहून लहान प्राध्यापक शिकवतील, चालेल?
सर, माझे पहिले साहेब तेवीस वर्षांचे होते.
चूक केली तरी सॅल्यूट ठोकत होतो,
आणि रात्री तेच येऊन विचारायचे,
गाडेकर, ही गाठ कशी मारतात?
मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.
काय, ते उलटं वाचता आलं नाही.
एरवी येतं मला.

बाहेर आलो तर गार्ड उन्हातच उभा.
कसं झालं, विचारलं नाही त्यानं.
इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला.
"ते खंडाचं कागद कुठं करून देतात?"
छत्री सांगितली, टेबल सांगितलं.
"माझी एकोणीस आहेत," म्हणाला.
"बसतील ना?"