नाव आहे, गाव नाही

एकोणतीस एप्रिल. दापोली तहसील, मागची खोली.
पंख्याने कागद उडू नयेत म्हणून
मी त्यांच्यावर जांभ्याचा तुकडा ठेवलाय.
रकाना सात: संभाव्य बाधित गावे.
अति, मध्यम, कमी.
रिकामा सोडला तर संगणक पुढे जाऊ देत नाही.

वादळांची नावं मात्र तयार आहेत.
देशोदेशींनी आधीच देऊन ठेवलेली,
पाळणा हलायच्या आत बारसं उरकलेली,
रांगेत उभी, आपापल्या पाळीची वाट बघत.
नाव आहे, गाव नाही.
गाव मी घालायचं. सोमवारच्या आत.

सकाळी बिवलकर येऊन गेले.
समुद्राकडे तोंड करून अकरा खोल्या,
मे महिना पूर्ण भरलेला.
"आमचं वेळवण 'अति'त नका टाकू, ताई.
लोक वाचतात, बुकिंग रद्द करतात."
पिशवीतून हापूस काढले. मी परत पिशवीत ठेवले.
वास राहिला टेबलावर.

दुपारी सुभद्रा चोगले,
टोपली व्हरांड्यात, चपला उंबऱ्याबाहेर:
"आमचं नाव लावा वो बाय.
गेल्या खेपेला आमी मध्यम.
मध्यम म्हंजे किती, ता वाऱ्याला कोन सांगनार?
अतिवाल्यांना निवारा मंजूर झाला,
आमाला एक भोंगा. तोबी वाजत नाय."

इब्राहिम परकार तांडेल म्हणतात,
मतलई यंदा लवकर पडली, बांगडा खोल गेला,
आलंच तर बाणकोटच्या अंगाने येईल.
परवा म्हणाले होते, दाभोळच्या.
वेधशाळेचं पत्रक त्यांच्याहून सावध:
अरबी समुद्रात सरासरीइतकी, किंवा किंचित अधिक.
सरासरीला किनारा नसतो.

जुनी फाईल काढली.
माझ्या आधीच्या खांबेट्यांचं मोत्यासारखं अक्षर:
आंबोळवाडी, कमी.
त्याच वर्षी जूनमध्ये आंबोळवाडीच्या पोफळी
एका बाजूला झोपल्या,
कुणी फणीने भांग पाडावा तशा.
खांबेटे तिथलेच. निवृत्त होऊन तिथेच असतात.
फोन लावला. विचारायचं ते विचारलं नाही.
ते म्हणाले, कौलं परवडेनात, पत्रे घातले.
पत्र्याखाली पाऊस फार मोठ्याने बोलतो.

संध्याकाळी नकाशा उलटा करून बसले,
समुद्र माझ्याकडे, डोंगर पलीकडे.
वारा कुठून शिरेल हे सोडून दिलं.
बोट रस्त्यांवरून फिरवलं.
कुठे एकच साकव, तोही उधाणाला पाण्याखाली.
कुठे वळणावरचे वड आडवे झाले
की आठ दिवस एसटी नाही.
कुठे तरणे सगळे मुंबईला,
आणि सव्वाशे घरांत मिळून एक करवत.
कुठे सरिता बेंडखळे,
जिचा श्वास रात्रभर यंत्रावर चालतो,
आणि वीज तर साध्या सरीलाही जाते.
वारा कुठे जाईल ते मला येत नाही.
आपण कुठे उशिरा पोचू, ते येतं.

ते लिहिलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ही हवामानाची यादी आहे?"
नाही, म्हटलं, रस्त्यांची.
बराच वेळ सही केली नाही. मग केली.
वेळवण 'अति'त आहे.
अकरा खोल्या, आणि वर चढायला एकच वाट.

सातला सुभद्राचा फोन.
"लागलं का वो नाव?"
लागलं.
तिने पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं,
लागलं, लागलं, आपलं नाव लागलं,
पोराचं नोकरीच्या यादीत लागावं तसं.
मी फोन कानाशी धरून होते.
तिच्या मागे दर्या ऐकू येत होता,
अगदी साधा, ओहोटीचा.