पिवळी रेघ असलेली काळी

गोरमध्ये जून म्हणजे ऐन थंडी.
लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये
मनाइयाच्या बोटांत क्रिंपर ठरत नाही.

इंजिन जपानहून आलंय, टर्बोसकट,
पण भंगारवाल्यानं वायरिंग
प्लगच्या वीतभर अलीकडेच तोडलंय.
आणि या गाडीला टर्बो ठाऊकच नाही:
तिच्या कॉम्प्युटरला हवेचा दाब मोजता येत नाही,
नॉक सेन्सरला बसायला जागा नाही,
पंपाची वायर तर शेवयीएवढी.
"ती जाड घाल," लीच म्हणतो,
"नाहीतर बूस्टवर पेट्रोल कमी पडेल,
पिस्टन वितळेल.
कॉम्प्युटर इंजिनाचाच ठेव.
आणि अर्थ रंगावर नको देऊस. आधी घास."

ती वाचत जाते: काळी, पिवळी रेघ.
निळी, लाल रेघ. हिरवी –
"रंग नको सांगूस. मीटर लाव."
टीं.
"हां. ही."

सत्तरेक पिना. चहा दोनदा निवला.
तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच,
रंग का नको?

लीचनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"लाल, हिरवं मला सारखंच दिसतं. पहिल्यापासून.
बेचाळीस वर्षं हेच काम केलं.
बायकोला तेवढं माहीत होतं."

हीटर घरघरत राहिला.
मग तिनं दुसरं टोक उचललं,
प्रोब टेकवला,
आणि रंग न सांगता
वाट पाहिली.

दोन वायरी उरल्यात अजून,
कुठेच न वाजणाऱ्या.
त्यांच्या टोकांना टेप गुंडाळत
तो म्हणाला, राहू देत.