कासव कुठल्या टोपलीत?

मादागास्करच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की
सोआझाराबाई फळा शाळेतच ठेवतात.
वाळूवर दोन टोपल्या:
कणा असलेले, नसलेले.

आधी एकमेकांच्या पाठी चाचपा.
मणी लागतात ना, ओवल्यासारखे?
गुदगुल्यांतच निम्मा तास जातो.

मासा इकडे. खेकडा तिकडे,
वरून चिलखत, आत सगळं मऊ.
ऑक्टोपस तर टोपलीच्या फटीतूनच
पसार.

त्सिरेसी अडतो कासवापाशी.
पाठ टणक, म्हणजे खेकड्याचाच भाऊ!
बाई काही बोलत नाहीत.
त्याच्याच अंगणातून आणतात
कोंबड्यांच्या पाण्याचं जुनं कवच,
पाणी ओतून देतात,
उन्हात धरतात.

आतून, मधोमध, कवचालाच चिकटलेली
मण्यांची ओळ.

तो बोट फिरवत राहतो.
दुसरा हात हळूच
स्वतःच्या पाठीमागे.