शेरा

भुसावळला तेव्हा सिनेमा रेल्वेने उतरायचा.
पार्सल ऑफिसच्या काट्यावर पत्र्याच्या पेट्या,
वर खडूने गाव: सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, पाचोरा.
शेजारी माशांचा बर्फ वितळत असायचा.
झांबड शेठ म्हणायचे, नट कोण ते सांगू नका,
पेट्या किती ते सांगा.

मी त्यांचा प्रतिनिधी, यशवंत सुपडू बऱ्हाटे.
पेटीबरोबर जायचं, थेटरात मागे उभं राहायचं
आणि माणसं मोजायची.
मालक दोन तिकीटबुकं ठेवायचे,
एक करमणूक करवाल्यांसाठी, एक घरच्या देवासाठी.
मी अंधारात बिड्यांच्या ठिणग्या मोजायचो,
बायकांकडे बांगड्यांवरून अंदाज,
लेकरं खोकल्यावरून.
पाचोऱ्याला एकदा चारशेत एक चुकला.
तो खांबामागे झोपला होता.

बावीस वर्षं.
कोणता सिनेमा कसा होता विचाराल
तर मला फक्त डोकी आठवतात, मागून.

मग सिनेमा आभाळातून यायला लागला,
त्याला हमाल लागेना, मीही लागेना.
शेठची पोरं केळीत गेली, सावद्याला पिकवायची चेंबरं बांधली.
एक पेटी मी घरी आणली होती,
तिच्यात ज्वारी मावते, बारा किलो.

परवा हमिदा तडवी आली, पालकडची पोरगी.
तिचा सिनेमा तीन देशांत फिरून आलेला.
पोस्टरवर नावाच्या दोन्ही बाजूंना पानं होती,
मला वाटलं खताच्या गोणीवरचं चिन्ह.
"तिकडं लोक उभे राहिले, काका.
जळगावात मंगळवारचा सकाळचा साडेनऊचा खेळ मिळाला,
तोही रद्द. पाच माणसं लागतात, चार होती.
चौथी मी."
अनुदान मंजूर आहे म्हणे, फक्त एक कागद हवा:
सिनेमा लोकांनी पाहिला, याचा.

शेठच्या धाकट्याने चार नंबरचं चेंबर एका रात्रीपुरतं दिलं.
पांढरी भिंत, सोळा अंश,
कच्च्या केळीचा हिरवा वास.
क्रेट उपडे घालून बैठक केली.
भर वैशाखात लोक गोधड्या घेऊन आले.

मी मागे उभा राहिलो, सवयीने.
पहिली रांग अकरा.
दुसरी नऊ, त्यात एक कडेवरचं.
तिसऱ्या रांगेत होतो तेव्हा भिंतीवर एक बाई आली,
सातपुडा चढणारी, डोक्यावर टेबलफॅन,
आणि ती जाते त्या पाड्यावर तर वीजच नाही.
"व माय, ही तं आपली जामन्याची वाट!"
कोणीतरी अंधारात म्हणालं.
पंखा ती कोणासाठी नेत होती
ते कळायला मला शेवटपर्यंत थांबावं लागलं.

दिवे लागल्यावर हमिदाने पेन दिलं.
"दोनशे लिहा, काका. कोण बघतंय."
मी जुना छापील फॉर्म आणला होता, कडा पिवळ्या झालेला.
थेटर: चेंबर क्र. ४.
खेळ: रात्रीचा.
निव्वळ वसुली: रेघ मारली.
प्रेक्षक: वीस, आणि पुढे मला येत नव्हतं,
वीसही खोडले.
खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
थंडी फार. कोणी उठलं नाही.

तिने दोनदा वाचलं,
हार्डडिस्कच्या पाकिटात घडी घालून ठेवलं.
बाहेर कच्च्या मालाचा ट्रक येऊन उभा होता,
ड्रायव्हर विचारत होता,
संपलं का.