साडेनऊ लिटर

आधी मापलं ते स्कूटरचं पायदान.
ब्लाउजं बेतायची टेप, एक टोक दातात,
हँडलच्या दांड्यापासून सीटपर्यंत
एक वीत चार बोटं.
यात बसेल तेच माझं यंत्र.
नवरीचे बाप चोडणला येत नाहीत फिल्म बघायला,
फिल्मच नदी ओलांडते, फेरीबोटीतून,
माझ्या दोन पोटऱ्यांच्या मध्ये, मेणकापडात.

पेटी लिटरवर मोजतात, हे मला नवं.
दूध मोजावं, खोबरेल मोजावं, तसं:
साडेनऊ लिटर.
वीतभर मदरबोर्ड, कार्डाला एकच खाच,
मेमरीला दोन दाढा, अक्कलदाढ फुटणार नाही कधी.
तेव्हा चौसष्ट घ्यायची ती आत्ताच.
मागाहून वाढवू, ही भाषा
मोठ्या घरांतली.

पणजीत आवेलीनच्या दुकानात
काचेवर कोपर टेकून मी वही उघडते.
"इतली ल्हान कित्याक गो?"
तो कपाटाएवढी पेटी दाखवतो,
जत्रेतल्या पाळण्यासारखे दिवे तिला.
"ही व्हर. सवाय. आत वारा खेळतो."
वारा आहे रे माझ्याकडे.
खारा आहे, तांबं हिरवं करतो,
दोन पावसाळ्यांत स्क्रू आणि भोक
नवराबायकोसारखे धरून बसतात.

कूलर सदुसष्ट मिलिमीटर उंच,
वरचा पत्रा सत्तरला.
तीन मिलिमीटर वाव.
तेवढ्यात हवेनं कूस बदलायची.

हवं ते कार्ड दोन बोटं लांब निघतं.
मावतं त्याची मेमरी आठ.
मावतं आणि बाराही आहे, त्याची किंमत तीन लग्नं.
(मी सगळं लग्नांत मोजते.
पॉवर सप्लाय: एक बारसं, अर्धी मुंज.
तिथे मात्र कंजुषी नाही.
बेटावरची वीज जाताना सांगत नाही
आणि येताना लाथ मारते.)
तीन लग्नं. बरं. मे महिना आहे पुढे.

आवेलीन बिल करता करता विचारतो,
लग्नाच्या फिल्मांना एवढं कशाला?
मी म्हणते, हळदीचा पिवळा रंग
स्वस्तात येत नाही.
खरं सांगत नाही.

खरं असं, की पप्पा एकतीस वर्षं फेरीवर खलाशी,
आणि त्यांची शेवटची फेरी मी उसन्या कॅमेऱ्यावर घेतली,
चाळीस मिनिटं, इतकी बारीक की दोरखंडाचा केस न् केस दिसतो.
जुना लॅपटॉप ती उघडायचा,
बाविसाव्या मिनिटाला थिजायचा.
नेहमी तिथेच:
लोखंडी फळी अर्धी खाली, हात वर.

रात्री जेवणाच्या टेबलावर जोडणी.
स्क्रू आमटीच्या वाटीत. वायरी
पेटीत कोंबताना आठवलं,
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
पण अंथरूणच मी मापून आणलंय,
आता पायांनी शहाणपण शिकावं.
बटण दाबलं. काही नाही.
परत दाबलं. अंगठ्याएवढा लाल दिवा,
मग तोही गेला.
अकरा वाजता कळलं, मेमरीची दुसरी पट्टी
नुसती टेकली होती, बसली नव्हती.
भीत भीत रेटली. *टक्.*

बाविसावं मिनिट.
फळी अर्धी खाली, पप्पांचा हात वर.
दोन वर्षं मी त्याला निरोप समजत होते,
त्याचा फोटो मढवून घेणार होते,
काचेचं मापसुद्धा काढलं होतं.
रेघ अडली नाही.
हात पुढे आला, भिंगाकडे, मोठा होत,
आणि घरात रागवावं तशा आवाजात:
"कुशीक सर गो, गाड्यो येतात!"

पंखा इतका मऊ फिरत होता
की आतल्या खोलीतलं त्यांचं घोरणं
स्पष्ट ऐकू येत होतं.

पुढचे चार सेकंद
नुसतं पाणी आहे,
तिरपं.