गुरुवारी गिरणी बंद असते

माझ्या खोलीखाली पिठाची गिरणी आहे,
एरंडवण्यात, औषधाच्या दुकानाशेजारच्या बोळात.
जिन्याच्या कठड्यावर कायम पिठाचे हात.
जागा घेताना सगळे म्हणाले, इथं कोण येईल?
पण पट्टा फिरायला लागला की
वरचं एक अक्षर खाली जात नाही,
आणि पुण्यात माणसं
भांडणाला भीत नाहीत, ऐकू जाण्याला भितात.

घड्याळ मी त्यांच्या डोक्यामागे लावलंय.
टिश्यूचा खोका मधोमध, दोघांच्याही हाताला येईल असा;
तो आधी कोण कुणाकडे सरकवतं
एवढंच मी पहिला महिनाभर बघते.

घुले नवराबायको हडपसरहून येतात,
दोन गाड्यांवर.
तो चाकणला, सुट्या भागांच्या कंपनीत,
ती पतसंस्थेत, दिवसभर नोटा मोजत.
सात बैठका झाल्या. विषय एकच:
ओव्हरटाइम असला की तो कँटीनमध्ये जेवतो, कळवत नाही,
ती दोन भाकऱ्या झाकून ठेवते.
"ठेव म्हणून मी सांगितलं नव्हतं."
"नको म्हणूनही नव्हतं सांगितलं."
तेच दळण, दोघांचंही,
गिरणीच्या वर आवाज चढवून.

परवा गुरुवार. वीज नाही.
पंखा थांबलेला, पट्टा थांबलेला,
खाली मालक वर्तमानपत्रानं वारा घेत होता
त्याची फडफडही वर येत होती.
सुलक्षणा बोलायला लागली आणि मध्येच
स्वतःच्याच आवाजाला दचकली.
मग दत्ताराम हळू म्हणाला,
"खातो मी त्या. सकाळी, कंपनीच्या बसमध्ये.
मोशी गेलं की. मिठाबरोबर."

ती आठ वर्षं समजत होती, गायीला घालतो.

आता इथं काहीतरी वितळायला हवं होतं.
ती म्हणाली, "मिठाबरोबर कशाला?
चटणी असते की फ्रीजच्या दारात."
आणि मग, "पण सांगायला काय झालं होतं?"
आणि पुन्हा सुरू, तेच,
फक्त कुजबुजत.

मी वहीत लिहिलं: चटणी.
पुढं काय लिहायचं ते सुचेना.
इतकी वर्षं लोकांना सांगतेय, बोला, बोलत राहा;
आधी गिरणी बंद करा, असं
मला कुणी शिकवलं नव्हतं.

ते गेले. दोन गाड्या,
पण कोपऱ्यापर्यंत शेजारी शेजारी,
मागच्यांचे हॉर्न खात.

मीही घरी गेले. चप्पल काढायच्या आत
सवयीनं टीव्ही लावला.
शिरीषनं विचारलं, बघतेयस?
नाही, म्हटलं.
राहू दे चालू.