सतरा प्रश्न

उलानबातरचं वसतिगृह. बाहेर उणे एकतीस.
काचेच्या आतल्या अंगालाही दहिवर गोठलेलं,
आणि स्क्रीनवर गणित:
तळ्यावरच्या बर्फाची जाडी, एक लाख दिवसांची, चढत्या क्रमाने.
एक लाख ट्रक, ज्याचं त्याचं वजन वेगळं.
कोणता ट्रक पहिल्यांदा कोणत्या दिवशी पार जाईल?

मी साधंच लिहिलं आधी.
पहिल्या दिवसापासून निघायचं, दारोदार विचारत.
वेळ संपली, असं लाल अक्षरांत आलं.
तीनदा आलं.

पलंगावरून, पांघरुणातूनच, एन्खजिन म्हणाली,
"क्रमाने लावून दिलंय ना? मग मधोमध बोट ठेव."

ठेवलं.
बर्फ पातळ? मग मागचे सगळे दिवस बाद.
पुरेसा? मग पुढचे कशाला बघा.
निम्मं गेलं, निम्म्याचं निम्मं गेलं,
लाखाचे सतरा प्रश्न उरले.
एवढं न बघता कळतं
याची जराशी लाजच वाटली.

मग अडकलं.
खालची खूण आणि वरची खूण शेजारी-शेजारी,
मध्य काढावा तर पुन्हा खालचीच,
घाण्याच्या बैलासारखं लूप फिरत राहिलं.
एक मिळवायचा राहिला होता. फक्त एक.

तेवढ्यात खातगालहून बाबांचा फोन.
आज एकशे चाळीस भोकं पाडली म्हणाले,
दर वीस पावलांवर एक,
उद्या पिठाची पोती घेऊन पलीकडे जायचंय.
मी म्हटलं, बाबा, आठ पुरली असती.
आधी मधोमध पाडायचं, मग…
ते हसले. पहार टेकवल्याचा आवाज आला.
"मधोमध जायला वाट कुठली, पोरी?
बर्फावरूनच ना?
आणि दोर्जसुरेनचा ट्रक बुडाला तिथे
दोन्हीकडे हातभर जाड होता.
खालून झरा येतो. तो तुझा क्रम पाळत नाही."

फोन ठेवला. एक मिळवला.
हिरवी खूण आली. एन्खजिन घोरत होती.

मग मी वरच्या बाजूला आणखी एक लूप लिहिलं,
पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत
प्रत्येक नोंद मागच्याहून कमी नाही ना, बघत जाणारं,
एकेक, पावलागणिक, पहार आपटत.
कुणी मागितलं नव्हतं.
गुण तेवढेच राहिले.